तयार नॅस की स्वतः जोडलेला सर्व्हर: नागपुरातल्या एका घराचा निर्णय

घरात सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फाइली एका जागी साठवून घरातल्या जाळ्यावरून पुरवणारे यंत्र, असावा हा विचार आमच्याकडे हौसेतून आलेला नाही. मी कर सल्लागार आहे आणि माझे कार्यालय घराच्या पुढच्या खोलीतच आहे. क्लायंटच्या टॅलीच्या फाइली, स्कॅन केलेली बिले, विवरणपत्रांच्या पोचपावत्या यांचा ढीग वर्षागणिक वाढत जातो आणि त्यातले जुने काही टाकताही येत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १२८ नुसार कंपन्यांना हिशेबपुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात, आणि ऑगस्ट २०२२ मधल्या नियमदुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक स्वरूपातल्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर रोजच्या रोज घ्यावा लागतो. ही जबाबदारी कंपनीची असली, तरी कागद सापडेनासा झाला की “साहेब, तुमच्याकडे असेलच ना?” असा फोन सल्लागारालाच येतो.

दुसरा ढीग पत्नीचा. ती शास्त्रीय गायन शिकवते. तिच्या शिकवण्यांची ध्वनिमुद्रणे, आणि तिच्या गुरूंकडच्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेले तासन्‌तासांचे गाणे, हे सारे वेव्ह स्वरूपात आहे. त्या स्वरूपात एका तासाला सुमारे ६०० एमबी जागा लागते. तिसरा ढीग सगळ्यांचाच असतो तो, फोनमधल्या फोटोंचा. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण बंद झाली आणि १५ जीबीची मर्यादा जाणवू लागली. तिन्ही ढीग मिळून दोन टीबीच्या आतच होते, म्हणजे चार टीबीच्या दोन डिस्क एकमेकींची प्रत म्हणून चालवल्या, तर पुढची काही वर्षे निघाली असती. प्रश्न एवढाच उरला होता की या दोन डिस्क कोणत्या डब्यात बसवायच्या.

पहिला कल साहजिकच तयार डब्याकडे, म्हणजे कंपनीने सॉफ्टवेअरसह बांधून दिलेल्या नॅसकडे होता. दोन डिस्कचा, सिनॉलॉजी या कंपनीचा डीएस २२४ प्लस हा त्या वेळी सर्वांत जास्त सुचवला जाणारा पर्याय होता. २०२३ मध्ये आलेल्या या यंत्रात इंटेलचा सेलेरॉन जे ४१२५ हा प्रोसेसर आणि २ जीबी रॅम असते, आणि रॅम अधिकृतपणे ६ जीबीपर्यंत वाढवता येते. आकडे किरकोळ वाटले, तरी फाइली ठेवणे, फोनमधले फोटो आपोआप उतरवून घेणे आणि रोजचा बॅकअप घेणे या कामांना ते पुरेसे आहेत. विजेचा खर्च डिस्क चालू असतानाही सुमारे १५ वॅट. सगळ्यांत मोठी सोय म्हणजे डिस्क बसवली, ब्राउझरमध्ये चार पडदे पुढे ढकलले की यंत्र कामाला लागते, आणि फोनवरचे अॅप शिकवण्यासाठी घरात कोणाचा वर्ग घ्यावा लागत नाही. डिस्कशिवायची किंमत तीस हजारांच्या पुढे होती, पण ती मला खटकली नाही, कारण त्या किमतीत यंत्रापेक्षा त्यातल्या सॉफ्टवेअरचे मोल अधिक आहे हे उघड होते.

मन वळायला सुरुवात झाली ती दोन बातम्यांमुळे. ऑगस्ट २०२४ मध्ये डीएसएम या आपल्या यंत्रांवरच्या प्रणालीच्या ७.२.२ या आवृत्तीबरोबर सिनॉलॉजीने व्हिडिओ स्टेशन हे अॅप बंद केले आणि एचईव्हीसी चित्रफितींचे यंत्रावर होणारे रूपांतरही काढून टाकले. आमच्या फोनवरचे बहुतेक चित्रीकरण त्याच स्वरूपात असते. पुढे एप्रिल २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले की त्या वर्षीच्या नव्या प्लस यंत्रांत कंपनीच्या किंवा कंपनीने प्रमाणित केलेल्या डिस्कनाच पूर्ण सुविधा मिळतील. ही अट जुन्या डीएस २२४ प्लसला लागू नव्हती, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये डीएसएम ७.३ सोबत ती बऱ्याच अंशी मागेही घेतली गेली. मी निर्णय घेत होतो तो मात्र या दोन तारखांच्या मधल्या काळात. पैसे मोजून घरी आणलेल्या वस्तूतली एखादी सोय एका अद्ययावतीकरणाने जाऊ शकते, हे तेव्हा डोळ्यांसमोर होते, आणि कंपनीचा धोरणबदल उलटा फिरल्याने ती शक्यता संपत नाही.

तरीही एवढ्यावरून मी तयार डबा सोडला नसता. खरा विचार सुरू झाला तो ओळखीच्या एका छायाचित्रकाराकडे. त्यांच्याकडे तयार डबा होता, कोणत्या कंपनीचा ते येथे महत्त्वाचे नाही, आणि त्याचा मदरबोर्ड गेला. वॉरंटी होती, वागणूकही सौजन्याची होती, परंतु यंत्र नागपूरबाहेरच्या सेवा केंद्रात पाठवावे लागले आणि परत यायला महिन्याहून अधिक काळ गेला. डिस्क शाबूत होत्या, त्यांच्यावरचे लग्नांचे फोटो शाबूत होते, पण ते वाचायला यंत्र नव्हते. हेच विवरणपत्रांच्या मुदतीच्या आठवड्यात माझ्या बाबतीत घडले तर काय, या प्रश्नाने मला इतके धरले की त्यानंतर मी प्रोसेसर, रॅम, अॅप यांच्या तुलना बाजूला ठेवल्या आणि प्रत्येक पर्यायाला एकच कसोटी लावली: याचा कोणताही एक भाग मेला, तर तो मला संध्याकाळपर्यंत बर्डीवर मिळेल का?

बर्डी म्हणजे नागपूरची सीताबर्डी. तिथल्या संगणकाच्या दुकानांत काय मिळते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल की तेथे अत्याधुनिक काही मिळण्याची खात्री नाही, पण कार्यालयांत आणि सायबर कॅफेंत वापरला जाणारा साधा माल नेहमी हजर असतो. तयार डब्याचा मदरबोर्ड, त्याचा विशिष्ट अॅडॉप्टर किंवा डिस्कचे खण त्या दुकानांत मिळत नाहीत. सिनॉलॉजीच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. तिच्या डिस्कची मांडणी लिनक्सच्याच नेहमीच्या साधनांवर उभी असल्यामुळे बंद पडलेल्या यंत्रातल्या डिस्क उबुंटूच्या संगणकाला जोडून वाचता येतात आणि त्याची कृती कंपनी स्वतःच प्रसिद्ध करते. सगळ्याच कंपन्यांबद्दल असे म्हणता येत नाही. तरीही ती वाट आणीबाणीची आहे. फाइली बाहेर काढता येतात, पण काम पूर्ववत चालू व्हायला यंत्रच लागते.

या कसोटीने स्वतः जोडण्याचेही दोन आकर्षक मार्ग बाद केले, आणि ते सांगितले पाहिजेत, कारण बहुतेक जण तेथेच थांबतात. पहिला मार्ग म्हणजे मोठ्या कंपन्यांतून भाडेकराराची मुदत संपल्यावर बाहेर पडणारे नूतनीकृत डेस्कटॉप. एचपी किंवा डेलचा आठव्या पिढीच्या आय ५ प्रोसेसरचा लहान कॅबिनेटातला संगणक तयार डब्याच्या निम्म्या किमतीत मिळतो, त्याची बांधणी भक्कम असते आणि रिकामा बसल्यावर तो वीजही कमी खातो. परंतु या लहान कॅबिनेटांचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) आणि मदरबोर्डवरची त्याची जोडणी कंपनीच्या स्वतःच्या मापाची असते. बाजारातला साधा एसएमपीएस त्यात बसत नाही. म्हणजे छायाचित्रकाराची अडचण तशीच राहिली, फक्त वॉरंटीही गेली. दुसरा मार्ग होता इंटेलच्या एन १०० प्रोसेसरचे छोटे मदरबोर्ड. चार गाभ्यांचा हा प्रोसेसर कंपनीच्या आकड्यांनुसार ६ वॅटचा आहे, पंख्याशिवायही चालतो, आणि फाइल सर्व्हरसाठी त्याच्याइतका नेमका तुकडा दुसरा नाही असे मलाही वाटते. पण प्रोसेसर बोर्डवर कायमचा डाखलेला, बऱ्याच बोर्डांवर डिस्क लावायच्या, साटाच्या दोनच जोडण्या, आणि बोर्ड गेला तर नवा ऑनलाइन मागवून वाट पाहत बसायचे.

शेवटी जे जोडले ते अगदीच निरस आहे. बाराव्या पिढीचा आय ३-१२१००, एच ६१० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर ४ रॅम, प्रणालीसाठी २५६ जीबीची लहान एसएसडी, ४५० वॅटचा सर्वसाधारण मापाचा एसएमपीएस, आणि पुढून हवा घेणारे मायक्रो एटीएक्स कॅबिनेट. यातला प्रत्येक भाग बर्डीवरच्या कोणत्याही कार्यालयीन संगणकात सापडतो, आणि प्रोसेसर सोडला तर प्रत्येकाच्या जागी दुसऱ्या कंपनीचा भाग चालतो. डिस्क वगळून खर्च सत्तावीस हजारांच्या आसपास गेला. स्वतः जोडल्याने पैसे वाचतात असे जे म्हटले जाते, ते दोन डिस्कच्या घरगुती सर्व्हरपुरते तरी मला खरे वाटत नाही. चार-सहा डिस्कांपासून पुढे गणित बदलते, कारण तयार डब्यांची किंमत खणांच्या संख्येबरोबर झपाट्याने चढते, तर कॅबिनेटात आणखी दोन डिस्क बसवायला काहीच लागत नाही.

डिस्कची खरेदी हा या सगळ्यातला सर्वांत सावधपणे करायचा भाग निघाला. दुकानदाराने चार टीबी म्हटल्याबरोबर जांभळ्या लेबलाची डिस्क पुढे केली आणि म्हणाला, “साहेब, हीच न्या, सीसीटीव्हीवाले सगळे हीच नेतात, कोणाची तक्रार नाही.” त्याचे म्हणणे त्याच्या जागी बरोबर होते, ती डिस्क कॅमेऱ्यांचे अखंड लिखाण झेलण्यासाठीच बनवलेली असते. मला हव्या होत्या त्या नॅससाठीच्या, आणि त्यातही एकमेकींवर चढणाऱ्या पट्ट्यांत न लिहिणाऱ्या, म्हणजे सीएमआर प्रकारच्या. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या दोन ते सहा टीबीच्या काही डिस्क एसएमआर, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या प्रकारच्या असल्याचे उघड झाले आणि बराच गदारोळ झाला. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्कना रेड प्लस असे वेगळे नाव दिले. एसएमआर डिस्क एरवी ठीक चालते, पण जोडीतली एक डिस्क बदलून सगळी माहिती नव्या डिस्कवर उतरवायची वेळ आली, की तिचा वेग कोसळतो, म्हणजे नेमका धोक्याचा काळ लांबतो. लेबलावर हे मोठ्या अक्षरांत लिहिलेले नसते. मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या तक्त्यात पाहावे लागते. शिवाय परदेशासाठी बनवलेल्या डिस्क बाजारात येतात आणि त्यांची वॉरंटी भारतात चालत नाही, म्हणून अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासून मगच पैसे दिले. दोन्ही डिस्क वेगवेगळ्या दुकानांतून घेतल्या, जेणेकरून एकाच खेपेतल्या दोन डिस्क एकाच सुमारास दगा देण्याची शक्यता कमी व्हावी.

आता उष्णतेविषयी, कारण परदेशी लेखांत या विषयाला एखादी ओळ मिळते आणि विदर्भात तो मुख्य विषय आहे. तयार डब्यांच्या तपशिलात चालवण्याचे तापमान बहुधा ० ते ४० अंश दिलेले असते. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, आणि दुपारी बंद खोलीत ४० ओलांडायला फार काही लागत नाही. नॅसच्या डिस्क स्वतः ६०-६५ अंशांपर्यंत चालतील असे कंपन्या सांगतात, परंतु मी पन्नासची मर्यादा मनाशी धरली होती. लहान डब्यात दोन डिस्क चिकटून उभ्या असतात आणि मागे एकच पंखा असतो. कॅबिनेटात मी त्यांच्यामध्ये एक खण रिकामा सोडला आणि समोर १२० मिमीचे दोन पंखे लावले. येथे तयार डब्याची एक खुबी मान्य केली पाहिजे: तो डिस्कचे तापमान पाहून पंखा आपोआप वाढवतो, तर साध्या मदरबोर्डला डिस्क किती तापली आहे याचा पत्ताच नसतो, तो प्रोसेसरकडे पाहून पंखा फिरवतो. प्रोसेसर दिवसभर रिकामा बसलेला, म्हणून पंखे संथ, आणि डिस्क तापत राहतात. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ मांडणीत, पंख्यांचा वेग कायमचा ठरवून दिल्यावर मेच्या दुपारीही डिस्क ४६-४७ अंशांच्या वर गेल्या नाहीत. यंत्र ठेवले घराच्या मधल्या खोलीत. माळ्यावर ठेवण्याची सूचना घरातून आली होती, पण माळा म्हणजे उन्हाळ्यात भट्टी; आणि कूलरच्या झोतात ठेवणे त्याहून वाईट, कारण त्या हवेतला ओलावा आणि पाण्यातले क्षार दोन्ही आत जातात.

वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होतो, पण साध्या स्थितीत त्याला बदल करायला लागणारा क्षण पंख्या-दिव्यांना जाणवत नाही तरी संगणकाला पुरतो. म्हणून एक लहान यूपीएस मध्ये बसवला. त्याची यूएसबी तार सर्व्हरला जोडली आहे, बॅटरी खाली जाऊ लागली की सर्व्हर स्वतःला नीट बंद करतो, आणि वीज परतल्यावर बायोसमधल्या एका पर्यायामुळे आपोआप चालू होतो. वळवाच्या दिवसांत हे वारंवार घडते. तयार डबाही हे सर्व करतो, त्यामुळे या बाबतीत दोघांत फरक नाही.

फरक आहे तो विजेच्या खर्चात. माझे यंत्र दोन डिस्क फिरत असताना आणि दुसरे काही काम नसताना २८ वॅट घेते, तयार डब्याने १५ घेतले असते. वर्षाला हा फरक सुमारे ११४ युनिटांचा होतो. हिशेबाला सोपे म्हणून दहा रुपये दर धरला, तर अकराशे-बाराशे रुपये. पण उन्हाळ्यात आमचे बिल ३०० युनिटांचा टप्पा ओलांडते आणि ही वाढीव युनिटे अधिक महागड्या टप्प्यात पडतात, तेव्हा प्रत्यक्ष आकडा त्याहून जास्तच आहे. स्वतः जोडण्याची ही कायमची पट्टी आहे आणि ती मी जाणूनबुजून भरतो.

प्रणाली म्हणून डेबियनवर आधारलेली ओपनमीडियाव्हॉल्ट घेतली. ट्रूनॅस ही दुसरी प्रणाली आणि तिची झेडएफएस ही फाइलव्यवस्था ही अधिक भारदस्त जोडी आहे, मोठ्या साठ्यासाठी मीही तीच सुचवीन. माझा विचार पुन्हा बिघाडाच्या दिवसाचा होता. दोन डिस्क बीटीआरएफएस या फाइलव्यवस्थेच्या आरसा पद्धतीने जोडल्या, म्हणजे प्रत्येक फाइल दोन्हींवर, फाइल बिघडली का ते ओळखणाऱ्या तपासणीच्या बेरजांसह, आणि ही डिस्क लिनक्सच्या कोणत्याही ताज्या पेन ड्राइव्हवरून उघडता येते. बीटीआरएफएसची बदनामी आहे ती पाच आणि सहा क्रमांकाच्या रेडबद्दल (RAID, अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या पद्धती), आणि ती योग्यच आहे. साध्या आरशाला ती लागू होत नाही.

खरी माहिती भरण्याआधी हे करूनही पाहिले. नमुन्याच्या फाइली टाकल्या, यंत्र बंद केले, एक डिस्क काढून स्वतंत्र अॅडॉप्टर असलेल्या यूएसबी डॉकमध्ये बसवली (साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, फोनच्या तारेवर ती चालत नाही), आणि लॅपटॉप उबुंटूच्या पेन ड्राइव्हवरून सुरू केला. जोडीदार डिस्क नसल्याने नेहमीच्या रीतीने ती उघडेना. “डिग्रेडेड” हा पर्याय देऊन, आणि केवळ वाचण्यापुरती, ती उघडली तेव्हा सगळ्या फाइली दिसल्या. केवळ वाचण्यापुरती हे महत्त्वाचे आहे, कारण एकट्या डिस्कवर लिहायला मुभा दिली तर दोन्हींचा मेळ नंतर नीट बसवावा लागतो. ही कृती मी एका कागदावर मराठीत, आज्ञांसह लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. माझ्या मुलाला हे सर्व समजते असे नाही, पण तो कागद पाहून एखादा जाणकार काम करू शकेल.

आरसा म्हणजे बॅकअप नव्हे, हे मात्र यंत्र कोणतेही असले तरी तितकेच लागू आहे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी जाते. त्यासाठी रोजचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या फाइलींची गोठवून ठेवलेली स्थिती, आहेत, आणि चोरी किंवा आगीसाठी घराबाहेरची प्रत लागतेच. इंटरनेटवर उघडे ठेवलेले घरगुती सर्व्हर किती धोक्यात असतात हे जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर सॉफ्टवेअरने क्यूनॅप या नॅस कंपनीच्या हजारो यंत्रांवर दाखवून दिले, त्यामुळे माझ्या राउटरमधून एकही दार बाहेर उघडलेले नाही. तसेही आमच्या फायबर जोडणीला इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता नाही, अनेक ग्राहकांत एकच पत्ता वाटलेला आहे, म्हणून बाहेरून यायला टेलस्केल या सेवेचा कूटबद्ध बोगदा वापरतो. तयार डब्यांत हे काम कंपनीच्या खात्यातून दोन मिनिटांत होते. मला पत्नीच्या फोनवर ते समजावून देताना थोडी खटपट करावी लागली.

तिच्या बाजूने पाहिले तर तयार डबाच बरा ठरला असता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. फोटोंसाठी मी इमिच हे सॉफ्टवेअर बसवले. ते वापरायला सुरेख आहे, चेहरे ओळखते, मराठी नावे घालता येतात. परंतु त्या वेळी त्याचे निर्मातेच सांगत होते की बदल वेगाने होत आहेत, हीच एकमेव साठवण समजू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची स्थिर म्हणून जाहीर केलेली २.० ही आवृत्ती आली, तोवर प्रत्येक अद्ययावतीकरणाआधी बदलांची यादी वाचणे हे माझे काम होते. ध्वनिमुद्रणे आणि चित्रफितींसाठी जेलीफिन हे सॉफ्टवेअर आहे आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नाही. आय ३ मधली चित्रफितींचे रूपांतर करणारी सोय फोनचे एचईव्हीसी चित्रीकरणही दूरदर्शन संचावर विनासायास दाखवते.

याच सुमारास पुण्यातल्या ताईने मला विचारले की तिनेही असेच काही जोडावे का. मी तिला तयार डबा घ्यायला सांगितले. तिच्याकडे वर्षानुवर्षांचे काम अडकवणारी मुदत नाही, तिला आज्ञा टाइप करायच्या नाहीत, तिच्या घरात मेमध्ये चाळीसच्या वर पारा जात नाही, आणि यंत्र महिनाभर दुरुस्तीला गेले तरी तिचे फोटो माझ्याकडे असतील. कारण आता दोन्ही यंत्रे एकमेकांची घराबाहेरची प्रत ठेवतात: रात्री दीड वाजता माझा सर्व्हर दिवसभरात बदललेल्या फाइली कूटबद्ध करून तिच्या डब्याकडे पाठवतो आणि पहाटे तिचा डबा माझ्याकडे. पहिली पूर्ण प्रत तारेवरून पाठवायला बसलो असतो तर अपलोडच्या वेगाने ती दिवाळीपर्यंत चालली असती, म्हणून ती एका डिस्कवर भरून ताई माहेरी आली तेव्हा तिच्या सामानात दिली.